सिगरेटच्या पाकिटातले पणजोबा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आमच्या घरी तो पाठीमागे नव्हता, समोरच्या कोनाड्यात होता, आणि रोज सकाळी त्याला गंधफूल वाहिलं जायचं.

आमचं घर बडोद्याला, मांडवीच्या मागच्या बाजूला, एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या घरांच्या गल्लीत. देवघराशेजारच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात पितळी चौकटीत पणजोबा. देवांच्या रांगेत पितर बसवू नयेत म्हणून त्यांची जागा वेगळी. चौकट वहीएवढी, पण आतलं चित्र काडेपेटीपेक्षा जरासंच मोठं. उरलेली जागा लाल मखमलीने भरून काढलेली. चित्रातला माणूस मात्र भयंकर होता. डोळे तांबारलेले, मिशा कल्ल्यांना जाऊन मिळालेल्या, दाढी मधोमध दुभंगलेली. डोक्यावर अवाढव्य पागोटं, त्यावर तुरा. खांद्यावर वाघाचं कातडं. हातात रुंद पात्याची वाकडी तलवार, पायांत टोकं वर वळलेल्या मोजड्या, आणि मागे हिरवट आकाशात कांद्यासारखे घुमट.

लहानपणी मला त्या कोनाड्यासमोरून एकटीने जाववत नसे. पाणी प्यायला उठायचं झालं तर मी भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारखी तिरकी चालत माठापर्यंत पोचायची. आई ओरडायची, "अगं, घरचेच आहेत ते! खातात का तुला?" खातील असंच वाटायचं. शेजारच्या घरांतल्या मुलींना त्यांचे पूर्वज फोटोत खुर्चीवर नीट बसलेले मिळाले होते, टोपी-उपरण्यात. आमच्याच वाट्याला हे तलवारवाले का, याचा मला मनापासून राग यायचा.

गोष्ट अशी सांगितली जायची. पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते. एकदा परेडीत कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाची नजर त्यांच्यावर पडली. असा रुबाब त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याने तिथल्या तिथे चित्र काढलं, विलायतेला नेऊन रंगीत छापून घेतलं आणि एक प्रत पणजोबांना पाठवून दिली. पणजोबा गेले तेव्हा आजोबा इतके लहान होते की त्यांना बापाचा चेहराही आठवत नव्हता. फोटो नव्हता. होतं ते हे चित्र. आजोबांनी ते खळीने पुठ्ठ्यावर चिकटवलं, चौकटीत बसावं म्हणून खालची पट्टी कापली आणि कोनाड्यात ठेवलं. गोष्ट संपली. तिच्यावर शंका घेणं म्हणजे कुळावर शंका घेणं.

आमच्या घरी 'रजा' मागायची पद्धत होती. परीक्षा, मुलाखत, प्रवास, दवाखाना, काहीही असो, निघण्याआधी कोनाड्यासमोर ताठ उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रजा द्यावी." परत आल्यावर "हजर झाले" म्हणून सांगायचं. नवी सून आली की उंबरा ओलांडल्यावर आधी इथे, मग देवाला. दसऱ्याला तलवार नव्हतीच, ती कधी कोणी विकली देव जाणे, तेव्हा पूजा चित्रातल्या तलवारीची व्हायची. बाबांनी तर मिशासुद्धा त्याच वळणाच्या राखल्या होत्या. लग्नकार्यात म्हातारी माणसं बाबांना बघून डोळे पुसायची, "अगदी आजोबांवर गेलात हो!" माझं नाकही पणजोबांचं आहे असं आत्याचं ठाम मत होतं. ते ऐकून मी रात्री आरशात बघायची नाही.

शंका एकट्या आईला होती, कारण ती इंदूरची, बाहेरची. एकदा देव पुसता पुसता म्हणाली, "अहो, बडोद्याच्या उन्हाळ्यात वाघाचं कातडं घालून परेड? घामोळं नसेल का उठलं?" बाबा हसले नाहीत. आईने पुन्हा विषय काढला नाही.

बाबा वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. कंपनीची बस मांडवीच्या नाक्यावर यायची. बाबा इस्त्रीचा शर्ट, मिशांना पीळ, हातात डबा अशा थाटात त्या बसमध्ये चढायचे की वाटावं मोहिमेवर निघालेत. मग ती वर्षं आली. टीव्हीवर चॅनेल वाढले, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ आलं, शेजाऱ्यांच्या दारात नव्या मोटारी दिसू लागल्या, आणि बाबांच्या कारखान्यात बाहेरच्या देशातून यंत्रं आली, ज्यांना सुपरवायझर लागत नव्हते. लोकांना व्हीआरएस देण्यात आली. नावात स्वेच्छा होती, पण ती कोणाची हे कोणी विचारलं नाही. बाबा शेवटच्या दिवशी घरी आले, चपला काढल्या, कोनाड्यासमोर उभे राहिले. "हजर झालो" म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

त्यानंतर आमच्या घरात भीती राहायला आली. आधीची माझी एकटीची होती, ही सगळ्यांची. बाबा तासन्‌तास कोनाड्यासमोर बसून राहत. जेवायला हाक मारली तर दचकत. एके दिवशी अंधार पडला तरी ते घरी आले नाहीत. आई आणि मी गल्लीगल्लीतून फिरलो. शेवटी ते नाक्यावर सापडले, कंपनीची बस जिथे यायची तिथल्या कट्ट्यावर, मांडीवर रिकामा डबा घेऊन. आईला बघून म्हणाले, "आज गाडीला उशीर झाला." मग स्वतःलाच काहीतरी उमगलं असावं, उठून मुकाट्याने आमच्याबरोबर चालू लागले.

त्या संध्याकाळी आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "हे बघ, त्यांना आता तेवढा एक कोनाडा उरलाय. त्याला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही." तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता.

मी तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन बसले होते. फतेगंजमध्ये एक निवृत्त गुजराती प्राध्यापक राहत, त्यांना जुने छापील कागद जमवायचा नाद होता. काडेपेट्यांच्या छापांपासून कापडाच्या तागांवरच्या चित्रांपर्यंत काय वाटेल ते. आता हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं होतं, कारण इंटरनेटवरून परदेशातले शौकीन त्यांच्याशी बोलू लागले होते. त्यांनी मला कामाला ठेवलं. रजा मागून मी रुजू झाले. सर माणूस चांगला. मला 'बेन' म्हणत, दुपारी स्वतः चहा करून देत, आणि कागदांवर इतकं प्रेम करत की माणसांसाठी फारसं उरत नसे.

एका दुपारी त्यांनी सिगरेटच्या चित्रांचे आल्बम काढले. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी समजावलं. पूर्वी विलायतेत सिगरेटची पाकिटं मऊ असत. आतल्या सिगरेटी चेपू नयेत म्हणून एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की पुठ्ठा कोरा कशाला, त्यावर चित्र छापावं. चित्रांच्या मालिका निघाल्या. एक मिळालं की पुढच्यासाठी माणूस दुसरं पाकीट घेणारच. पक्षी, जहाजं, नट्या, आणि या आल्बममध्ये होती ती 'पूर्वेकडची माणसं'.

मी पानं उलटत होते. गारुडी होता. नाग त्याच्यापेक्षा देखणा. नाचणारी बाई होती, जिच्या अंगावर बडोद्यातल्या कोणत्याही बाईने माहेरच्या माणसांपुढे घातले नसते इतके कमी कपडे आणि लग्नातही घातले नसते इतके दागिने. खिळ्यांवर निजलेला फकीर होता. आणि फकिराच्या शेजारच्या प्लास्टिकच्या कप्प्यात पणजोबा होते.

आधी मला वाटलं, डोळ्यांचा दोष. तेच तांबारलेले डोळे, तीच दुभंगलेली दाढी, वाघाचं कातडं, मोजड्या, हिरवं आकाश. फक्त खालची पट्टी इथे शाबूत होती. तिच्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'हिंदी राजाचा जल्लाद'. मी कप्प्यातून चित्र काढून उलटं केलं. मागे बारीक अक्षरात मजकूर होता. राजाची मर्जी फिरली की हा एका घावात मुंडकं उडवतो, याच्या जातीला दया ठाऊक नसते, असं काहीसं. त्याखाली तंबाखूच्या पानांची वेलबुट्टी.

"सर, हा कोण?" मी विचारलं.

सर खूश झाले. चष्मा पुसत म्हणाले, "कोई नथी! ए ज मजा छे, बेन." कोणीच नाही, तीच तर गंमत. आणि त्यांनी दुसरा आल्बम उघडून माझ्यापुढे ठेवला. त्यात दुसऱ्या कुठल्या मालिकेत तोच चेहरा होता, केसासकट तोच. वाघाच्या कातड्याच्या जागी पट्ट्यापट्ट्यांचा झगा, घुमटांच्या जागी वाळू, आणि खाली लिहिलेलं, 'अरबस्तानातला गुलामांचा व्यापारी'. तेव्हा चित्रं दगडावर काढून छापत, तो दगड एकच, सर सांगत होते, रंग बदलले की माणूस बदलला. काढणाऱ्याने ना हिंदुस्थान पाहिला, ना अरबस्तान. पागोटं एकीकडचं, तलवार दुसरीकडची, मोजड्या तिसरीकडच्या. "आ बधा क्यांय जन्म्या ज नथी," ते प्रेमाने म्हणाले. ही मंडळी कुठे जन्मलेलीच नाहीत.

मी तोंड धुवायचं निमित्त करून उठले आणि त्यांच्या न्हाणीघरात बराच वेळ उभी राहिले. मला राग यायला हवा होता, आणि तो आला, पण पुढे कधीतरी. आमच्या घरी तीन पिढ्या ज्याला विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचललं नाही, तो सिगरेटी चेपू नयेत म्हणून घातलेला पुठ्ठा होता. माझं नाक त्याच्यावर गेलं होतं. बाबांच्या मिशा त्याच्यावर गेल्या होत्या. बहुधा कोणा साहेबाने सिगरेट शिलगावताना रिकामं पाकीट चुरगळलं असेल, आणि समोर उभ्या शिपायाकडे ते चित्र भिरकावत गमतीने म्हटलं असेल, हे घे, हा तूच. आणि त्या बिचाऱ्याने ते खरं मानून जपलं असेल. तिकडच्या गारठ्यात धूर सोडता सोडता कोणाला तरी जराशी गमतीची भीती हवी होती, शेकोटीपाशी बसून भुताची गोष्ट ऐकावी तशी. त्यांची करमणूक होऊन गेली आणि भूत आमच्या कोनाड्यात येऊन बसलं. आम्हीही त्याला हसत बसवून घेतलं, कारण आपला शूर माणूस असाच दिसत असणार हे आम्हालाही पटलं होतं.

घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. भांडी घासताना, नळ सोडून, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये. आईने हातातलं भांडं उपडं ठेवलं आणि विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"सरांना चित्र माहीत आहे. आपल्याकडे ते आहे, हे माहीत नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काही पाहिलं नाहीस." तिने नळ बंद केला.

मूठ झाकलेली राहती तर मी हे लिहायला बसलेच नसते. त्या भाद्रपदात जुन्या पलटणीतल्या घराण्यांच्या मंडळाने ठरवलं की आपल्या पूर्वजांच्या स्मरणाचा कार्यक्रम करायचा. पितृपक्षात करायचा, म्हणजे औचित्यही साधेल आणि हॉलही सहज मिळेल. ज्या घरात पूर्वजांचं चित्र असेल त्यांनी ते आणावं. बहुतेकांकडे काहीच नव्हतं. शिपायांचे फोटो कोण काढत होतं? तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांची नजर आमच्या कोनाड्यावर गेली. ते घरी आले, चित्रासमोर हात जोडून म्हणाले, "साहेब, हे म्हणजे आपल्या सगळ्यांचेच पूर्वज. यांचाच मोठा फ्लेक्स करू, स्टेजच्या मागे लावू. आणि दोन शब्द तुम्ही बोलायचे."

तेव्हा फ्लेक्स शहरात नवीन आलेला होता आणि जो तो कशाचाही करत सुटला होता. बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रक्त दिसलं. ते उठून उभे राहिले. मिशांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तुझ्या त्या फतेगंजच्या सरांना पाहुणे म्हणून बोलवू या ने? जुन्या वस्तूंची त्यांना एवढी जाण. त्यांनाही आवडेल."

अध्यक्षांना कल्पना फारच पसंत पडली. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, कपबशा किणकिणत होत्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सरांना आमंत्रण परस्पर गेलं आणि त्यांनी आनंदाने स्वीकारलं. मी त्यांना येऊ नका म्हणणार होते, पण कारण काय देणार? खरं सांगितलं तर ते दुसऱ्याच मिनिटाला आमच्या घरी कोनाडा बघायला आले असते. बाबांना कार्यक्रमापासून परावृत्त करायचा मी दोनतीनदा प्रयत्न केला. पितृपक्षात असं मिरवणं बरं दिसत नाही म्हटलं, तुमची तब्येत म्हटलं. बाबा ऐकून घेत. फ्लेक्सवाल्याकडे ते स्वतः चौकट घेऊन गेले होते. तिथून आल्यापासून एकदम गप्प झाले होते. भाषण लिहायला कागद घेऊन बसत आणि कोराच ठेवून उठत. आई मला डोळ्यांनी विचारी, मी मान हलवी. मला सारखा तो नाक्यावरचा कट्टा दिसायचा. भर सभेत सर चष्मा लावणार, पुढे वाकणार, आणि त्यांच्या त्या निरागस आवाजात म्हणणार, हा तर आपला जल्लाद! लोक हसतील. आणि बाबा पुन्हा जाऊन त्या कट्ट्यावर बसतील, आणि या वेळी आमच्याबरोबर परत येणार नाहीत. मला याच एका गोष्टीची भीती होती. अब्रू वगैरे सगळं त्याच्यापुढे किरकोळ होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांनी रजा मागितली नाही. चौकट आईच्या शालीत गुंडाळली आणि निघाले. मी आईकडे पाहिलं. तिनेही ते टिपलं होतं.

हॉल भरलेला होता. बाहेर मैदानात गरब्याचे लाउडस्पीकर तपासत होते, त्यामुळे मधूनच "हेलो, हेलो, एक, बे, त्रण" असा आवाज यायचा. स्टेजच्या मागे तो फ्लेक्स होता. दाराशी उभं राहून पाहिलं तर पणजोबा छतापर्यंत पोचले होते, मुठीएवढे लाल डोळे, माणसाएवढी तलवार. पहिल्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. मला त्या मुलाचा हेवा वाटला. मी समई लावायला म्हणून स्टेजवर गेले, तेव्हा तो चेहरा नाहीसाच झाला. जवळून तिथे नुसते ठिपके होते, तांबडे, पिवळे, निळे, आणि मधे मधे कोरी जागा.

सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पुढे वाकले. फ्लेक्सकडे पाहिलं, मग मला शोधत मान वळवली. मी खांबाला पाठ लावून उभी होते आणि त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होते, इतक्या जोरात की शेजारची बाई म्हणाली, "बरं नाही का वाटत?" सरांच्या चेहऱ्यावर कुतूहलच कुतूहल होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्षांनी बाबांना माइककडे बोलावलं.

बाबा ठिपक्यांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ ताठ होती. कागद नव्हता. माइक जरा खरखरला, मग शांत झाला.

"माझे आजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते," ते म्हणाले. "एवढं खरं आहे. हे चित्र त्यांचं नाही. हे कोणाचंच नाही. माझ्या आजोबांचं चित्र कोणी काढलं नाही. ते कसे दिसत होते, हे आम्हाला माहीत नाही." त्यांनी समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आपापले माहीत नाहीत. आपण सगळे त्यांनाच नमस्कार करू."

आणि त्यांनी फ्लेक्सकडे पाठ करून, समोर आमच्याकडे बघत, हात जोडले. काही लोकांनी गोंधळून हात जोडले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला होता, ते घाईघाईने आभार मानायला लागले. बाहेरून "एक, बे, त्रण" ऐकू आलं. मी खांब सोडला, तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. आई बायकांच्या रांगेतून उठून थेट स्टेजपाशी गेली. इतक्या माणसांदेखत तिने बाबांचा हात धरला. त्या दोघांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

चहाच्या वेळी सर चौकट बघायला आलेच. बाबांनी शाल उघडून दाखवली. सर चित्रावर इतके वाकले की त्यांचं नाक काचेला लागलं. मग कळवळून म्हणाले, "अरेरे, नीचेनी पट्टी कापी नाखी?" खालची पट्टी कापल्याचं त्यांना खरंखुरं दुःख झालं होतं. मला त्यांच्या टाळक्यात प्रसादाचा नारळ घालावासा वाटला. बाबा मात्र नम्रपणे म्हणाले, "हो, आमच्या वडिलांनी कापली. त्यांना वाचता येत नव्हतं."

आम्ही तिघं रिक्षाने परत निघालो. चौकट बाबांच्या मांडीवर होती. मांडवीच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"फ्लेक्सवाल्याने पुठ्ठ्यापासून सोडवलं तेव्हा. खळ सुकून गेली होती, अलगद निघालं. मागचं वाचलं मी." चौकटीवरची शाल नीट करत म्हणाले, "तुम्हा दोघींना सांगायचा धीर होईना. तुझी आई इतकी वर्षं रोज त्याला गंध लावते. आणि तू तर लहानपणापासून त्याला एवढं घाबरतेस. मला वाटलं, तुम्हाला फार लागेल."

आई माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. म्हणजे इतके दिवस आम्ही एकाच घरात, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत, एकमेकांसाठी घाबरून बसलो होतो. माझी भीती मात्र गेली नव्हती. बाबा नाक्यावरच्या त्या कट्ट्याकडे बघत होते, आणि रिक्षा सुटेपर्यंत बघत राहिले.

घरी आल्यावर आईने कोनाडा झटकला, जुनी फुलं काढली आणि वाट बघत उभी राहिली. चौकट कुठे ठेवायची हे तिला विचारवत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "मी सरांना देऊन टाकते. त्यांच्याकडे नीट राहील. नाहीतर नदीत सोडू."

बाबांनी शाल उलगडली. त्या लाल डोळ्यांच्या, कुठेही न जन्मलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. मग काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि चौकट होती तिथे परत ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "इतकी वर्षं घरात आहे. आता या वयात बाहेर काढलं तर जाईल कुठे?"